जन्माची उशिरा नोंद आणि दाखल्यातील दुरुस्ती (महाराष्ट्र): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्ज करण्याआधी आपले प्रकरण कोणते ते ओळखा. जन्माची नोंदच झालेली नाही, नोंद आहे पण बाळाचे नाव कोरे आहे, किंवा नोंद आहे पण तपशील चुकलाय, ही तीन वेगळी प्रकरणे आहेत. तिन्हींचा अर्ज आणि पुरावे वेगळे असतात. लोकांचे बहुतेक हेलपाटे प्रकरण ओळखण्यात गफलत झाल्यामुळेच होतात. खालील उत्तरे जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ (२०२३च्या दुरुस्तीसह) आणि महाराष्ट्रातले नियम व चालू पद्धत यांना धरून आहेत.

१. "ऑनलाइन दाखला सापडत नाही." म्हणजे माझी नोंद झालेलीच नाही का?

असे लगेच समजू नका. जन्म-मृत्यू नोंदणीच्या पोर्टलवर प्रामुख्याने अलीकडच्या नोंदी असतात. जुन्या नोंदी अजून बांधीव नोंदवह्यांत आहेत आणि त्या सगळीकडे संगणकावर चढलेल्या नाहीत. जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीच्या किंवा पालिकेच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन नोंदवही शोधायला सांगा. शोध फक्त तुम्हाला माहीत असलेल्या तारखेचा नको, मागचे एक आणि पुढचे एक वर्षही बघायला सांगा. शाळेत घालताना तारीख अंदाजाने लावलेली असेल, तर खरी नोंद सात-आठ महिने अलीकडे-पलीकडे निघते.

बाळाच्या नावाने शोधून उपयोग होत नाही, कारण नोंद झाली तेव्हा बारसे झालेले नसते. वडिलांचे नाव, आईचे नाव, गाव आणि 'मुलगा' की 'मुलगी' यावरून शोधावे लागते. आईचे माहेरचे नाव लागले असण्याचीही शक्यता असते, तेही अर्जात लिहा.

जन्म जुना असेल तर ग्रामपंचायतीवर थांबू नका. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ आणि विदर्भात कोतवाल बुक या नावाने जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. त्यांपैकी बऱ्याच जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्याने वाचून देणारा जाणकार लागतो. इथे नोंद सापडली, तर उशिरा नोंदणीचा सगळा खटाटोप वाचतो.

२. नोंद कुठे करायची? मूळ गावी, राहतो तिथे, की जन्म झाला तिथे?

जिथे जन्म झाला तिथेच. पहिले बाळंतपण माहेरी होण्याच्या रीतीमुळे इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. सासर सांगलीत आणि बाळंतपण लातूरच्या रुग्णालयात झाले असेल, तर नोंद लातूर महानगरपालिकेत होणार. सांगलीत पुरावे कितीही असले तरी तिथला निबंधक (जन्म-मृत्यूची नोंद घेणारा अधिकारी) नोंद घेऊ शकत नाही. कायमचा पत्ता म्हणून सांगलीचा पत्ता नोंदीत लिहिता येतो, तेवढे पुरे.

गावात ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) आणि शहरात नगरपालिका-महानगरपालिकेचा आरोग्य विभाग हे काम बघतो. रुग्णालयातल्या जन्माची माहिती कळवणे ही रुग्णालयाचीच जबाबदारी आहे आणि घरी झालेल्या जन्माची कुटुंबप्रमुखाची. तरीही डिस्चार्ज घेताना फॉर्म भरला का, त्यात नावे कशी लिहिली, हे स्वतः डोळ्यांनी बघा. दाखल्यावरच्या चुका तिथेच जन्माला येतात.

३. मुदत किती? उशीर झाला तर काय होते?

मुदत २१ दिवस. त्यात कळवले तर शुल्क नाही आणि पहिला दाखला मोफत.

२२व्या ते ३०व्या दिवसापर्यंत निबंधक स्वतःच विलंब शुल्क घेऊन नोंद करतो. ३० दिवसांनंतर आणि एका वर्षाच्या आत असेल तर जिल्हा निबंधकाची किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. पूर्वी यासाठी नोटरीचे प्रतिज्ञापत्र लागायचे. २०२३च्या दुरुस्तीने त्याऐवजी स्वयंसाक्षांकित कागदपत्र आले, पण काही कार्यालये अजून जुन्या सवयीने प्रतिज्ञापत्र मागतात.

एका वर्षानंतर मात्र निबंधकाच्या हातात काही राहत नाही. तेव्हा दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो (प्रश्न ४). म्हणून अकराव्या महिन्यात असाल तर आजच जा. वर्ष उलटले की तेच काम कितीतरी पटीने अवघड होते.

४. एक वर्षाहून जास्त काळ लोटलाय. नेमके काय करायचे?

आधी जन्मस्थळाच्या निबंधकाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १०, घ्या. 'अमुक वर्षांच्या नोंदवह्या शोधल्या, या जन्माची नोंद आढळली नाही' असे हे प्रमाणपत्र असते. त्यावर शोधलेली वर्षे लिहिलेली आहेत ना, ते बघून घ्या. 'नोंद आढळत नाही' एवढेच मोघम लिहिले असेल तर पुढच्या टेबलावरून कागद परत येतो. नमुना १० वरचे नाव, तारीख आणि ठिकाण पुढच्या अर्जातल्या तपशिलाशी अक्षरशः जुळले पाहिजे.

मग अर्ज. २०२३पूर्वी हा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी द्यायचे, त्यामुळे लोक अजूनही आधी कोर्टात जातात. १ ऑक्टोबर २०२३पासून तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी (प्रांत) किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आहे. तुमच्या तालुक्यात अर्ज प्रांत कार्यालयात द्यायचा की तहसीलदारांकडे, हे त्या प्राधिकृतीवर ठरते. अधिकारक्षेत्रही जन्म झाला त्या जागेचे, तुमच्या सध्याच्या पत्त्याचे नाही.

अर्जात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: जन्माची तारीख व ठिकाण, वेळेत नोंद का झाली नाही, आणि दाखला आता कशासाठी हवा. कारण खरे लिहा. 'घरी बाळंतपण झाले, वडील ऊसतोडीला गेले होते, कोणी कळवले नाही' हे कारण 'अज्ञानामुळे' या ठोकळेबाज शब्दापेक्षा पडताळायला सोपे असते. सोबत नमुना १०, पुरावे (प्रश्न ५), आई-वडिलांची ओळखपत्रे आणि अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र जोडा. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात माफ आहे, तेव्हा महागड्या स्टॅम्पपेपरचा आग्रह कोणी धरला तर त्याचा आधार विचारा.

पुढे पडताळणी होते: कागदपत्रांची तपासणी, हरकती मागवणारी जाहीर नोटीस, पोलिसांचा अहवाल. नंतर आदेश निघतो. आदेश म्हणजे दाखला नव्हे. तो घेऊन पुन्हा निबंधकाकडे जायचे, विलंब शुल्क भरायचे, मग नोंदवहीत नोंद होते आणि दाखला मिळतो. आदेश कपाटात ठेवून 'झाले काम' म्हणणारे पुष्कळ भेटतात. नोंदवहीत नोंद चढली नाही तर त्या आदेशाचा काडीचाही उपयोग नाही.

विलंब शुल्क स्वतः किरकोळ असते. खरा पैसा जातो तो मध्यस्थांना. हे काम स्वतः करता येते, आणि खोट्या कागदांचा धोका बघता ते स्वतःच करावे.

५. पुरावा म्हणून काय चालते? आधार कार्ड पुरेसे नाही का?

नाही. आधारवरची जन्मतारीख बहुधा तुम्ही सांगितलेली किंवा दुसऱ्या कागदावरून उचललेली असते. जन्म कुठे झाला हे तर त्यावर नसतेच.

पुरावा जन्माच्या जितका जवळचा, तितका वजनदार. सर्वांत वर रुग्णालयाचे प्रसूती रजिस्टर, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड. त्याखाली माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाची नोंद, अंगणवाडीचे रजिस्टर. मग प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. इथे शाळा सोडल्याच्या दाखल्यापेक्षा पहिलीत प्रवेश घेतलेल्या शाळेचा उतारा मागा, कारण पुढच्या शाळांनी तीच तारीख नुसती उतरवलेली असते. भावंडांचे दाखलेही लावा. दोन भावंडांत सहा महिन्यांचे अंतर दिसले तर अर्ज तिथेच अडकतो, म्हणून हे आधी घरीच पडताळा.

रुग्णालय बंद पडले असेल तर लसीकरण आणि शाळा या दोन्हींचा पुरावा एकत्र द्या. घरच्या बाळंतपणात आशा सेविका, परिचारिका किंवा सुईण यांचा जबाब उपयोगी पडतो.

६. २०२५मध्ये उशिराचे दाखले बंद झाले होते ना? आणि माझ्याकडे नायब तहसीलदारांचा आदेश आहे, तो चालेल का?

बनावट कागदांवर दाखले दिल्याच्या तक्रारी आल्यावर जानेवारी २०२५मध्ये राज्याने एक वर्षापुढची प्रकरणे थांबवली. नंतर १२ मार्च २०२५च्या शासन निर्णयाने नवी, जास्त काटेकोर कार्यपद्धती आली. प्रश्न ४ मधली नोटीस आणि पोलीस अहवाल तिथलेच. खोटी माहिती आढळली तर गुन्हा दाखल होतो.

कायद्यात बदल झाल्यानंतर नायब तहसीलदारांनी दिलेले आदेश रद्द करण्याच्या सूचनाही शासनाने २०२५मध्ये दिल्या. तुमचा आदेश त्यात मोडत असेल तर दाखला वापरत बसू नका. तहसील कार्यालयात स्थिती विचारा आणि सक्षम अधिकाऱ्याकडे मूळ पुराव्यांसह नव्याने अर्ज करा. तुमचा जन्म खरा आणि पुरावे खरे असतील, तर फक्त आदेश देणारा अधिकारी चुकीचा होता, एवढाच दोष उरतो आणि तो दूर करता येतो.

७. नोंद आहे, पण दाखल्यावर बाळाचे नाव नाही. पुन्हा नोंदणी करायची का?

मुळीच नाही. ही नोंद पूर्ण वैध आहे. त्यात फक्त नाव भरायचे आहे. नोंदणीपासून १२ महिन्यांत आई-वडिलांनी नाव कळवले तर शुल्क लागत नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते. दंडाधिकाऱ्याचा आदेश लागत नाही.

१५ वर्षे उलटलेल्या जुन्या नोंदींसाठी शासनाने वेळोवेळी मुदतवाढ दिली आहे. आत्ता ती चालू आहे का, हे निबंधकाला विचारा आणि चालू असेल तर लगेच अर्ज द्या.

नाव देताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही लेखन घरी कागदावर लिहून न्या. 'आदित्य' इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला एक 'ए' की दोन, हे खिडकीसमोर उभे राहून ठरवू नका. एकदा चढलेले नाव बदलणे अवघड असते (प्रश्न १०).

८. आईचे नाव 'सुनीता' ऐवजी 'सुनिता' पडलेय, आडनावात अक्षर चुकलेय. दुरुस्ती कशी होते?

ही लेखनाची चूक. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ खाली निबंधक स्वतः चौकशी करून दुरुस्त करू शकतो. अर्ज, मूळ दाखला, बरोबर नाव दाखवणारे आईचे किंवा वडिलांचे कागद एवढे लागते. रुग्णालयाने पाठवलेल्या मूळ फॉर्ममध्ये नाव बरोबर असेल आणि उतरवताना चुकले असेल, तर काम सर्वांत सोपे. त्या फॉर्मची प्रत काढायला सांगा. फॉर्ममध्येच चूक असेल तर रुग्णालयाचे पत्र लागण्याची शक्यता असते.

आई-वडिलांच्या स्वतःच्या कागदांत नावाची तीन रूपे असतील, तर आधी ती एक करून घ्या. नाहीतर आज 'सुनीता' केलेले उद्या पुन्हा बदलावे लागते.

जुन्या नोंदीतला मजकूर खोडला जात नाही. समासात बरोबर तपशील, तारीख आणि निबंधकाची सही येते. त्यामुळे दुरुस्तीनंतरच्या दाखल्यावर शेरा दिसला तर घाबरू नका. कायद्याला हवी तशीच दुरुस्ती झाल्याची ती खूण आहे.

९. जन्मतारीखच चुकीची आहे. ती बदलते का?

नोंदवहीतली तारीख खरोखर चुकली असेल तर बदलते, पण ही चूक आशयाची आहे, अक्षराची नाही. त्यासाठी चुकीचे स्वरूप आणि खरी हकिकत सांगणारे, वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन लागते. सोबत प्रसूती रजिस्टरसारखा भक्कम कागद हवा. मध्यरात्रीच्या आसपासच्या जन्मात १४ की १५ असा फरक पडतो, तो केसपेपरवरच्या वेळेवरून सहज सिद्ध होतो.

मात्र बहुतेक अर्जांत परिस्थिती उलटी असते. नोंदवही बरोबर असते आणि शाळेत वय बसावे म्हणून तारीख मागेपुढे केलेली असते. अशा वेळी दाखला शाळेप्रमाणे बदलून मागू नका, शाळेची नोंद दाखल्याप्रमाणे करून घ्या. ते काम विद्यार्थी शाळेत असताना, दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याआधी सोपे असते. शाळा सोडल्यावर आणि बोर्डाच्या प्रमाणपत्रावर तीच तारीख छापून आल्यावर ते फार जड जाते.

१०. मुलाचे नाव आवडले नाही, बदलायचे आहे. दुरुस्ती अर्ज चालेल?

चालत नाही. दुरुस्ती चुकीची होते, आवडीनिवडीची नाही. नाव बदलाचा मार्ग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातून जातो आणि त्यानंतर राजपत्राची प्रत जन्मदाखल्यासोबत दाखवावी लागते. 'नाव चुकून पडले' असे खोटे निवेदन करून दुरुस्ती मिळवू नका. दोन साक्षीदारही त्यात अडकतात.

११. वडिलांचे नाव द्यायचे नाही. आईच्या एकटीच्या नावावर दाखला मिळतो?

मिळतो. अविवाहित आईने मागणी केली तर तिचे प्रतिज्ञापत्र घेऊन दाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये सांगितले आहे. वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

१२. घटस्फोट झाला, पुन्हा लग्न केले. मुलाच्या दाखल्यावर नव्या पतीचे नाव येईल का?

निबंधक स्वतःच्या अधिकारात ते करत नाही. जन्माच्या वेळची वस्तुस्थिती नोंदीत राहते आणि घटस्फोटाने ती चुकीची ठरत नाही. सावत्र वडिलांनी मुलाला कायदेशीर दत्तक घेतले तर पुढचा मार्ग खुला होतो (प्रश्न १३). आईने लग्नानंतर नाव बदलले म्हणून जुना दाखला बदलण्याचीही गरज नसते. विवाह प्रमाणपत्र सोबत जोडले की भागते.

१३. दत्तक मुलाचा दाखला कसा मिळतो?

बाल न्याय कायद्याखालच्या दत्तकविधानात आदेश १ सप्टेंबर २०२२पासून जिल्हादंडाधिकारी देतात. त्याआधी न्यायालय द्यायचे. आदेशाची प्रत घेऊन निबंधकाकडे गेलात की दत्तक आई-वडिलांची नावे पालक म्हणून असलेला दाखला मिळतो. आदेशातले जन्मतारीख आणि नावांचे लेखन ताब्यात घेतानाच वाचा. तिथे चूक असेल तर निबंधक ती सुधारू शकत नाही.

१४. सासर आणि माहेर, दोन्हीकडे नोंद झालीय. कोणती ठेवायची?

जिथे जन्म झाला तिथली. दुसरी रद्द करण्यासाठी त्या ठिकाणच्या निबंधकाकडे कलम १५ खाली अर्ज करा, सोबत खऱ्या नोंदीचा दाखला आणि रुग्णालयाचा पुरावा जोडा. दोन्ही दाखले सोयीप्रमाणे वापरले, तर पासपोर्ट किंवा नोकरीच्या पडताळणीत दोन तारखा, दोन गावे समोर येतात आणि मग खरा दाखलाही संशयात सापडतो. जो दाखला अजून कुठे वापरलेला नाही तो ठेवायचा, असा सल्ला कुणी देतो. तो ऐकू नका.

हीच चूक आणखी एका वाटेने होते: चुकलेली नोंद दुरुस्त करण्याऐवजी लोक 'नोंद नाही' म्हणून नवी करून घेतात. म्हणूनच प्रश्न १ मधला शोध आधी पूर्ण करा.

१५. जुळ्यांपैकी एकाचीच नोंद सापडते. दुसऱ्याचे काय?

जुळ्यांत प्रत्येक बाळाचा स्वतंत्र फॉर्म आणि स्वतंत्र नोंद लागते. दुसऱ्याची नसेल तर ती दुरुस्ती नव्हे, उशिरा नोंदणी आहे, आणि प्रश्न ३ व ४ चे टप्पे लागू होतात. इथे पुरावा मात्र भक्कम असतो, कारण एकाच केसपेपरवर दोन्ही बाळांची वेळ आणि वजन लिहिलेले असते.

१६. रुग्णवाहिकेत किंवा एसटीत जन्म झाला तर?

चालत्या वाहनातल्या जन्माची माहिती वाहनाच्या प्रभारी व्यक्तीने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी द्यायची असते आणि नोंद तिथेच होते. प्रत्यक्षात बाळ-बाळंतीण नंतर ज्या रुग्णालयात पोहोचतात, तिथे 'जन्म वाटेत' असा शेरा केसपेपरवर पडेल याची काळजी घ्या.

१७. बाळ परदेशात जन्मले, आम्ही कायमचे परतलो.

तिथल्या भारतीय दूतावासात नागरिकत्व कायद्याखाली नोंद केली असेल तर तीच चालते. केली नसेल आणि भारतात स्थायिक व्हायला परतला असाल, तर परतल्यापासून ६० दिवसांत इथल्या निबंधकाकडे नोंद करता येते. ते दिवस गेले की उशिरा नोंदणीचे टप्पे. पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का इथे महत्त्वाचा कागद ठरतो.

१८. वडील सत्तरीचे आहेत. त्यांची नोंद करूनच घ्यावी का?

आधी कशासाठी हवी ते विचारा. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार यांसाठी जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखला आवश्यक झाला आहे. त्याआधी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठीही शाळा सोडल्याचा दाखला, पॅन यांसारखे इतर कागद चालतात. सत्तर वर्षांपूर्वीच्या जन्माचा समकालीन पुरावा मिळवणे फार कठीण असते. गरज दुसऱ्या कागदाने भागत असेल तर तो मार्ग घ्या.

१९. निबंधकाने अर्ज घेतलाच नाही, किंवा फेटाळला. पुढे काय?

तोंडी नकारावर घरी परतू नका. अर्ज आवक-जावक विभागात द्या आणि पोच घ्या, किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. नकार लेखी आणि कारणासह मागा. निबंधकाच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे आणि जिल्हा निबंधकाच्या आदेशाविरुद्ध मुख्य निबंधकाकडे अपील करता येते, त्यावर ९० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. ही सोय २०२३च्या दुरुस्तीने आली. मुदत आदेश मिळाल्यापासून मोजतात, म्हणून पाकिटावरचा टपालाचा शिक्काही जपून ठेवा.

प्रांत किंवा तहसीलदारांनी दंडाधिकारी म्हणून दिलेला नकार मात्र या अपिलात बसत नाही. तिथे फेटाळण्याचे कारण वाचा. 'पुरावा अपुरा' असेल तर तोच गठ्ठा पुन्हा देऊ नका. प्रश्न ५ मधला कोणता कागद राहिला तो मिळवा आणि त्यासह नवा अर्ज करा. कारण कायद्याचे असेल आणि ते पटत नसेल, तरच वकिलाकडे जा.